बारा जुन्या चिजा, तीन दिवस

डिसेंबर २०१५ मध्ये रोलिंग स्टोन्स पश्चिम लंडनच्या चिझिक भागातल्या ब्रिटिश ग्रोव्ह स्टुडिओत जमले, ते स्वतःची नवी गाणी करायला. २००५ च्या 'अ बिगर बँग'नंतर त्यांचा एकही स्टुडिओ अल्बम आला नव्हता. जागा अनोळखी होती आणि आवाजाचा जम काही केल्या बसेना. हात मोकळे व्हावेत म्हणून कीथ रिचर्ड्सने एक जुनं गाणं सुचवलं, शिकागोच्या लिटल वॉल्टरचं 'ब्लू अँड लोन्सम'. ते जमलं. मग एकामागून एक जुनी गाणी निघत गेली आणि तीन दिवसांत बारा ध्वनिमुद्रित झाली. त्यांतलं एकही त्यांनी स्वतः लिहिलेलं नव्हतं. नवी गाणी बाजूलाच राहिली. २ डिसेंबर २०१६ ला 'ब्लू अँड लोन्सम' याच नावाने अल्बम बाजारात आला आणि ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

रॉकच्या जगात दुसऱ्याचं गाणं म्हणणं हे दुय्यम काम समजलं जातं. ही समजूत रुजवण्यात खुद्द स्टोन्सच्या पिढीचा हात आहे. त्यांचा तरुण मॅनेजर अँड्र्यू लूग ओल्डहॅम याने मिक जॅगर आणि रिचर्ड्सच्या मागे लागून त्यांना गाणी लिहायला लावलं, कारण खरा पैसा गाणं लिहिणाऱ्याला मिळतो. ती बारा गाणी मात्र ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याची, आणि त्याची रीत वेगळी होती. ख्याल गाणाऱ्याने दोनशे वर्षांपूर्वीची बंदिश मांडली तर 'तुमचं स्वतःचं काही नाही का?' असं त्याला कुणी विचारत नाही. तो ती कशी मांडतो एवढंच ऐकतात. ब्लूजही असाच हातोहात पुढे आला. अल्बममधलं 'राइड एम ऑन डाउन' एडी टेलरने १९५५ मध्ये गायलं, पण त्याची मुळं बुका व्हाइटच्या १९३७ मधल्या 'शेक एम ऑन डाउन'मध्ये आहेत. 'जस्ट युअर फूल' हे बडी जॉन्सनच्या बिग बँडचं गाणं. लिटल वॉल्टरने त्यात माउथऑर्गन घातला आणि ते त्याचं होऊन गेलं.

ही गाणी जिथून आली, त्या मिसिसिपी डेल्टात कापसाचे मळे होते. क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर राबणाऱ्या मॅकिन्ली मॉर्गनफील्डचं गाणं १९४१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी अ‍ॅलन लोमॅक्सने मुद्रित केलं. स्वतःचा आवाज पहिल्यांदा तबकडीवर ऐकलेला हा माणूस १९४३ मध्ये रेल्वेने शिकागोला गेला. त्याला आपण मडी वॉटर्स म्हणून ओळखतो. त्या काळात दक्षिणेतली लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाली होती. शिकागोच्या दारूच्या गुत्त्यांत इतका गोंगाट असे की साधी गिटार ऐकूच येत नसे, म्हणून हातात विजेची गिटार आली. मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात वादक शेजारच्या दुकानातून वायर ओढून अ‍ॅम्प्लिफायर चालवत. ब्लूज कर्कश झाला, भारी झाला, तो या गरजेपोटी.

लिटल वॉल्टर याच बाजारात वाजवायचा. दहा भोकांचा, खिशात मावणारा माउथऑर्गन आणि एक स्वस्तातला माइक त्याने दोन्ही तळव्यांत मिळून घट्ट धरला. हवा बाहेर जायला वाट उरत नाही, माइकवर सगळा दाब येतो आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून आवाज फाटून, सॅक्सोफोनसारखा जाडजूड होऊन निघतो. शिवाय ब्लूजवाले बहुधा वाद्य मूळ स्वरात वाजवत नाहीत. गाणं ई पट्टीत असेल तर ते ए पट्टीचा माउथऑर्गन घेतात. त्यामुळे महत्त्वाचे स्वर फुंकण्यापेक्षा श्वास आत ओढताना मिळतात, आणि आत ओढलेला स्वर जिभेच्या नि घशाच्या ताणाने खाली वाकवता येतो. जवळजवळ मींडच. १९५२ मध्ये वॉल्टरचं 'जूक' हे एकही शब्द नसलेलं गाणं कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत आठ आठवडे पहिलं होतं. अल्बममधल्या बारा गाण्यांपैकी चार त्याच्या खजिन्यातली आहेत.

हे सगळं इंग्लंडमध्ये पोचलं टपालाने. जॅगर थेट शिकागोच्या चेस कंपनीकडे पैसे पाठवून रेकॉर्ड मागवायचा. ऑक्टोबर १९६१ मध्ये डार्टफर्ड स्टेशनवर तो रिचर्ड्सला भेटला, तेव्हा त्याच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या रेकॉर्ड होत्या. दोघं प्राथमिक शाळेतले सोबती, पण पुढची दोस्ती त्या रेकॉर्डमुळे जुळली. १९६२ च्या मार्चमध्ये अ‍ॅलेक्सिस कॉर्नर आणि सिरिल डेव्हिस यांनी ईलिंगला तळघरात ब्लूजचा क्लब काढला. तिथे जॅगर, रिचर्ड्स, ब्रायन जोन्स जमू लागले. ड्रमवर कॉर्नरच्या बँडचा चार्ली वॉट्स असायचा. जुलैमध्ये लंडनच्या मार्की क्लबमध्ये स्टोन्सचा पहिला कार्यक्रम झाला. बँडचं नाव मडी वॉटर्सच्या १९५० मधल्या 'रोलिन स्टोन' या गाण्यावरून घेतलेलं. पुढे रिचमंडच्या क्रॉडॅडी क्लबमध्ये त्यांची जागा यार्डबर्ड्स या बँडने घेतली आणि त्यात एरिक क्लॅप्टन नावाचा गिटारवादक आला. ईलिंग, रिचमंड, चिझिक हा सगळा एकाच बाजूचा मुलूख. २०१५ च्या त्या दिवसांत क्लॅप्टन त्याच स्टुडिओत स्वतःचं काम करत होता, तो आत डोकावला आणि दोन गाण्यांत वाजवून गेला.

पुढे स्टोन्सचा ड्रमर झालेला वॉट्स मूळचा जाझवाला. ब्लूजच्या ड्रममध्ये हात आवरून धरण्यात काय कौशल्य आहे, हे रिचर्ड्स आणि जोन्सने त्याला जिमी रीडच्या रेकॉर्ड ऐकवून पटवलं. रीडचा ड्रमर अर्ल फिलिप्स हा त्याचा धडा होता. अल्बममधलं रीडचं 'लिटल रेन' ऐकताना हे आठवावं. वॉट्स त्यात जवळजवळ काहीच करत नाही, आणि गाणं तेवढ्यावरच उभं राहतं.

जून १९६४ मध्ये पहिल्या अमेरिका दौऱ्यात स्टोन्स शिकागोला २१२० साउथ मिशिगन अव्हेन्यूवर पोचले. चेसचं ऑफिस आणि स्टुडिओ याच इमारतीत होते. पोलंडहून आलेल्या लेनर्ड आणि फिल चेस या ज्यू भावांची ही कंपनी. तिथे त्यांनी दोन दिवस ध्वनिमुद्रण केलं आणि एका वाद्यरचनेला तो पत्ताच नाव म्हणून दिला. मडी वॉटर्स आपल्याला शिडीवर चढून छत रंगवताना दिसला, असं रिचर्ड्स वर्षानुवर्षं सांगत आला. लेनर्डचा मुलगा मार्शल चेस हे साफ नाकारतो. मार्शलचं खरं मानावं. वॉटर्स त्या कंपनीचा मानाचा कलावंत होता. पुढच्या वर्षी मे महिन्यात 'शिंडिग' या टीव्ही कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तेव्हा ब्लूज गायक हाउलिन वुल्फलाही बोलवा असा आग्रह स्टोन्सनी धरला. चोपन्न वर्षांचा, सहा फुटांहून उंच वुल्फ अमेरिकेच्या घराघरात दिसला, तो विशीतली ही पोरं पायाशी बसलेली असताना.

पण श्रेयाच्या बाबतीत हा इतिहास तितका स्वच्छ नाही. १९६९ च्या 'लेट इट ब्लीड'वर स्टोन्सनी जुना ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनचं 'लव्ह इन व्हेन' घेतलं, पण सुरुवातीच्या छपाईत त्याचं नाव नव्हतं. त्यावरचा कोर्टातला वाद २००० मध्ये जॉन्सनच्या वारसांच्या बाजूने निकाली निघाला. ब्लूजवर मोठे झालेल्या इंग्रजी बँडमध्ये स्टोन्स एकटे असे नव्हते. 'होल लोटा लव्ह'साठी विली डिक्सनला १९८५ मध्ये लेड झेपलिनवर दावा लावावा लागला, दोन वर्षांनी तडजोड झाली. डिक्सन चेसचा बासवादक, गीतकार, सगळी जुळवाजुळव करणारा. ब्लूजच्या कलावंतांना त्यांच्या हक्काचे पैसे मिळावेत म्हणून त्याने ब्लूज हेवन फाउंडेशन काढलं. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने २१२० ची ती इमारत विकत घेऊन फाउंडेशनला दिली. २०१६ च्या अल्बमवर प्रत्येक गाण्याखाली मूळ गीतकाराचं नाव आहे आणि त्यांत डिक्सनची दोन आहेत. हे आधीच व्हायला हवं होतं.

तीन दिवसांचं कौतुक फार झालं. खरं तर चेसमध्ये हीच पद्धत होती. सगळे एका खोलीत, सगळे एकदम, मागाहून जोडाजोड नाही. निर्माता डॉन वॉझने चिझिकला तेच केलं. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये सांडतो, आणि तो सांडू दिला आहे. शिकागोत वाढलेला, माइल्स डेव्हिसबरोबर वाजवलेला डॅरिल जोन्स बासवर आहे. पण या अल्बमचा धनी आहे जॅगरचा माउथऑर्गन. स्टेडियममधल्या धावपळीत त्याचं हे अंग कायम झाकलं गेलं. ७ एप्रिल २००३ ला मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर ज्यांनी त्याला पाहिलं, त्यांनी पाहिला तो नाचणारा जॅगर. 'आय गॉटा गो'मध्ये पाय थांबलेले आहेत आणि उरला आहे फक्त श्वास.

गाणारे आता म्हातारे होते, आणि माझ्या मते हा अल्बम त्यामुळेच खरा वाटतो. विशीत त्यांनी अशीच गाणी गायली तेव्हा त्यात उत्साह होता, पण घरातल्या वडीलधाऱ्याचे कपडे घातल्यासारखं ते दिसायचं. २०१५ मध्ये जॅगर ७२ वर्षांचा होता, वॉट्स ७४ चा. ज्यांची गाणी ते म्हणत होते, त्यांतल्या बहुतेकांना एवढं आयुष्य लाभलंच नाही. लिटल वॉल्टर रस्त्यावरच्या मारामारीनंतर ३७ व्या वर्षी गेला. 'ऑल ऑफ युअर लव्ह'चा मॅजिक सॅम ३२ व्या वर्षी, जिमी रीड पन्नाशीत, वुल्फ ६५ व्या. 'आय कान्ट क्विट यू बेबी' १९५६ मध्ये पहिल्यांदा गाणारा ओटिस रश तेव्हा हयात होता, पण २००३ च्या पक्षाघातानंतर त्याची गिटार थांबली होती. शिष्य गुरूंपेक्षा वयाने मोठे झाले होते. वुल्फच्या 'कमिट अ क्राइम'मध्ये जॅगर त्याची नक्कल करत नाही. आपल्याच खरखरीत, जून झालेल्या गळ्याने गातो.

जानेवारी २०१८ मध्ये या अल्बमला पारंपरिक ब्लूज विभागात ग्रॅमी मिळालं. ऑगस्ट २०२१ मध्ये वॉट्स गेला. २०२३ मध्ये 'हॅकनी डायमंड्स' आला, स्वतःच्या नव्या गाण्यांचा, जे काम चिझिकला अर्धवट राहिलं होतं तसलंच. त्याचं शेवटचं गाणं तेवढं त्यांचं नाही, ते मडी वॉटर्सचं 'रोलिन स्टोन' आहे. बँडला नाव मिळून साठ वर्षं उलटल्यावर त्यांनी ते पहिल्यांदा रेकॉर्डवर आणलं, आणि त्यात आहेत फक्त जॅगर आणि रिचर्ड्स.