पवनचक्क्यांच्या अलीकडचे पान

वसईत वाड्यांसाठी, विहिरींच्या पाण्यासाठी कुणी रस्त्यावर उतरले की एक शेरा हमखास कानावर येतो: ‘हे पवनचक्क्यांशी लढणारे डॉन किहोते!’ म्हणजे शत्रू मुळात नाहीच, लढणाराच खुळा.

हा पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. शिलेदारांच्या अद्भुतकथांचे स्तोम मोडण्यासाठी आपण लिहितो आहोत, असे सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीच्या प्रस्तावनेतच आले आहे. पण पवनचक्क्यांचा प्रसंग केवढा? दोन्ही भागांत (१६०५ आणि १६१५) मिळून १२६ प्रकरणे. त्यांतल्या आठव्याच्या आरंभीची दोन-तीन पाने. पहिला भाग छापला गेला तेव्हा स्पेनचा राजाच पोर्तुगालचाही राजा होता, म्हणजे वसईच्या किल्ल्याचाही धनी. इतक्या जुन्या शेजाऱ्याचे आठ प्रकरणांपर्यंतचे वाचन तरी नीट व्हावे.

चौथे प्रकरण उघडा. आंद्रेस नावाच्या मेंढपाळ पोराला मालकाने झाडाला बांधून पट्ट्याने फोडून काढले आहे. दरमहा सात रियाल, असा नऊ महिन्यांचा पगार थकलेला. किहोते भाला रोखतो, मालक पैसे देण्याचे कबूल करतो आणि शिलेदार समाधानाने घोड्याला टाच देतो. त्याची पाठ वळताच मालक पोराला पुन्हा बांधून अर्धमेला करतो. एकतिसाव्या प्रकरणात आंद्रेस पुन्हा भेटतो, तेव्हा तो हात जोडून नव्हे, चिडून सांगतो: माझे तुकडे होत असले तरी यापुढे मदतीला येऊ नका.

इथे शत्रू खरा आहे, पट्टा खरा आहे, थकलेला पगारही खरा. किहोते चुकला तो अन्याय ओळखण्यात नाही. मालकाच्या शब्दावर विसंबून निघून गेला, तिथे चुकला. म्हणजे आंदोलकांना विचारायचाच असेल तर ‘शत्रू कुठे आहे?’ हा प्रश्न विचारू नये. ‘आश्वासन मिळाल्यावर तुम्ही थांबलात का?’ हा विचारावा. तो बोचरा आहे, आणि कादंबरीतला आहे.

हरित वसई संरक्षण समितीला तो विचारून पाहा. हिरव्या पट्ट्यावरची बांधकामे, टँकरने उपसले जाणारे पाणी यांविरुद्ध ती उभी राहिली १९८०च्या दशकाच्या अखेरीस. तिचे अध्वर्यू फादर फ्रान्सिस दिब्रिटो जन्माने इथल्याच नंदाखालचे. साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद पुढे, २०२० साली आले. त्यानंतरही ते वसईतच राहिले. २५ जुलै २०२४ रोजी वारले, तेही इथेच.