गेवराईत सेकंडहँड फेरारी-लॅम्बोर्गिनी घ्यायची म्हटली तर नेमकं काय काय होतं?

रात्री जेवण झालं, मोबाईल हातात घेतला की एक रील हमखास समोर येते. दिल्लीतला कुठला तरी यार्ड, रांगेत उभ्या असलेल्या पिवळ्या-लाल गाड्या आणि ओरडून भाव सांगणारा माणूस. "नवी साडेतीन कोटींची, आपल्याकडे फक्त एवढ्याला." तो जो आकडा सांगतो, त्यात आपल्याकडे टॉप मॉडेलची फॉर्च्युनर येते. मग ग्रुपवर मेसेज पडतो, "भावा, फॉर्च्युनर तर सगळ्यांकडंय. ही घेऊ का?"

प्रश्न वाटतो तितका येडा नाही. मराठवाड्यात महागड्या गाडीचं वेड नवीन नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका झटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. सौदा साधारण ६५ कोटींचा. देशभर बातमी झाली. पण मर्सिडीज सेडान आणि इटलीवरून आलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक गाडी विकत घेतल्यानंतर कळतो.

आधी सचिनच्या फेरारीची गोष्ट

सेकंडहँड सुपरकारची भारतातली सगळ्यात गाजलेली केस एका मराठी माणसाच्या गाडीची आहे. २००२ मध्ये सचिन तेंडुलकरने कसोटीत २९ वं शतक ठोकलं आणि डॉन ब्रॅडमनची बरोबरी केली. त्याबद्दल फियाट कंपनीने त्याला लाल फेरारी ३६० मोडेना भेट दिली. सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते ती देण्यात आली.

गाडी फुकट होती, पण भारतात आणायची तर आयात शुल्क होतं. तेव्हा ते सुमारे १ कोटी १३ लाख रुपये निघालं. सरकारने ते माफ केलं, त्यावर गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि शेवटी ते पैसे फियाटने भरले. २०११ मध्ये सचिनने ही गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली.

म्हणजे साक्षात तेंडुलकरची गाडी असली तरी पहिला प्रश्न "शुल्क भरलं का?" हाच होता. तुमच्या-आमच्यासाठी तो जास्तच महत्त्वाचा आहे.

(राजेश मापुसकर यांचा २०१२ चा 'फेरारी की सवारी' आठवत असेल. त्यातला हिरो आरटीओत कारकून असतो. गाडी फेरारी असली तरी शेवटी गाठ आरटीओशी पडते, हे त्या सिनेमावाल्यांना बरोबर माहीत होतं.)

कागद नंबर एक: बिल ऑफ एन्ट्री

फेरारी कंपनी अधिकृतपणे भारतात आली २०११ मध्ये. मग मध्ये खंड पडला आणि २०१५ ला ती परत आली. याचा अर्थ त्याआधीच्या बहुतेक फेरारी कुणीतरी खाजगीत आयात केलेल्या आहेत. अशा गाडीचं जन्मप्रमाणपत्र म्हणजे कस्टम्सचं बिल ऑफ एन्ट्री. गाडी कधी आली, कुणाच्या नावावर आली, किंमत किती दाखवली, शुल्क किती भरलं, हे सगळं त्यात असतं.

परदेशातून वापरलेली गाडी आणायचे नियम कडक आहेत. गाडी बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावी आणि स्टिअरिंग उजवीकडे असावं लागतं. वर शुल्क एवढं की कित्येकदा गाडीच्या किमतीहून जास्त. त्यामुळे "दुबईवरून स्वस्तात आणून देतो" म्हणणारा भेटला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

हे शुल्क चुकवायला काय काय केलं जातं? कुणी दूतावासाच्या सवलतीत आलेली गाडी बाहेर विकतं, कुणी काही महिन्यांसाठी आलेली गाडी परत पाठवतच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कस्टम्सने केरळात 'ऑपरेशन नुमखोर' नावाची मोहीम उघडली. भूतानमार्गे आणलेल्या आलिशान गाड्यांचा तो मामला होता, आणि नामांकित सिनेकलाकारांच्या घरांपर्यंत झडती गेली. अशा प्रकरणात गाडी जप्त होते. तुम्ही चौथे मालक आहात, पैसे खरे मोजलेत, हे सांगून ती लगेच सुटत नाही.

म्हणून बिल ऑफ एन्ट्रीवरचा चेसिस नंबर, आरसीवरचा नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर हे तिन्ही स्वतःच्या डोळ्यांनी जुळवायचे. फोटोवर नाही. एम-परिवहन ॲपवर मालक कितवा, बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, हेही दिसतं. ई-चलान वेगळं तपासा.

एमएच २३ पाटी लागायला किती खर्च?

समजा गाडी दिल्लीची आहे. तिकडे गाड्या स्वस्त असण्याचं एक कारण म्हणजे १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध. हरित लवादाने २०१५ मध्ये ते घातले आणि सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये कायम ठेवले. अलीकडे कोर्टाने त्यात ढील दिली, तरी जुनी गाडी काढून टाकायची घाई तिकडे असतेच.

गाडी गेवराईत आणली की मोटार वाहन कायद्याप्रमाणे १२ महिन्यांच्या वर परराज्याच्या नंबरवर ठेवता येत नाही. मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज होतं तर बँकेचा फॉर्म ३५, नव्या नंबरसाठी फॉर्म २७. हे सगळं घेऊन बीडचं आरटीओ ऑफिस.

आणि इथं खरा झटका बसतो. महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीला आणि कंपनीच्या नावावरच्या गाडीला एकरकमी कर २० टक्के आहे. परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, पण हिशोब तुम्ही दिलेल्या किमतीवर होत नाही, गाडीच्या मूळ किमतीवर होतो. तीन कोटींची गाडी तुम्ही साठ लाखांत घेतली, म्हणून कर साठ लाखांवर लागणार नाही. कराची कमाल मर्यादा पूर्वी २० लाख होती, जुलै २०२५ पासून ती ३० लाख झाली.

याच करापायी कित्येक सुपरकार पुद्दुचेरीसारख्या कमी कराच्या ठिकाणी खोट्या पत्त्यावर नोंदवल्या गेल्या. २०१७ मध्ये केरळात त्यावरून मोठा वाद झाला होता. पीवाय नंबरची गाडी स्वस्त मिळत असेल, तर ती का स्वस्त आहे हे समजून घ्या.

आणखी एक. आपल्याकडे कापसाचे, उसाचे, जमिनीचे पैसे घरात रोख असतात आणि विकणाराही रोख द्या म्हणतो. आयकर कायद्याप्रमाणे एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेणाऱ्याला तेवढाच दंड होतो. दंड त्याला होणार असला, तरी तुमच्याकडे पैसे दिल्याचा पुरावा राहत नाही, आणि सौदा फिसकटला तर तेच अंगलट येतं. बँकेतूनच द्या. गाडी न बघता "टोकन" म्हणून एक रुपयाही देऊ नका.

गाडी जुनी होते, स्पेअर पार्ट नाही

हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे. गाडीची किंमत दहा वर्षांत तीन कोटींवरून साठ लाखांवर येते. पण तिच्या ब्रेकची, क्लचची, गिअरबॉक्सची किंमत तीन कोटींच्या गाडीचीच राहते. कार्बन-सिरॅमिक ब्रेक असतील तर एकेक डिस्क लाखांत जाते. चारही बदलायच्या झाल्या तर नवी बोलेरो दारात उभी राहील.

प्रत्येक गाडीची आपली एक दुखरी नस असते. फेरारी एफ ३५५ ला टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. तेही गाडी चालो न चालो, ठराविक वर्षांनी. पुढच्या ३६० मध्ये ते इंजिन न उतरवता होतं, आणि एफ ४३० पासून बेल्टच्या जागी चेन आली. म्हणजे जुनं मॉडेल स्वस्त दिसतं, पण सांभाळायला महाग असू शकतं. लॅम्बोर्गिनी गॅलार्डो २००३ ते २०१३ बनली. तिच्या ई-गिअरचा क्लच ट्रॅफिकमध्ये भराभर झिजतो. किती उरलाय ते कंपनीच्या स्कॅनरवर टक्क्यांत दिसतं, त्यामुळे तो आकडा बघितल्याशिवाय बोलणीच करू नका. साधारण १९९७ ते २००८ मधल्या बऱ्याच पोर्शे बॉक्स्टर आणि ९११ मध्ये आयएमएस नावाचं एक बेअरिंग आहे, ते फुटलं तर इंजिन गेलं.

किलोमीटर कमी म्हणून खूश होऊ नका. दहा वर्षांत आठ हजार किलोमीटर म्हणजे गाडी उभीच होती. उभ्या गाडीचे सील सुकतात, बॅटरी मरते, टायर कडक होतात. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. '१४१६' म्हणजे २०१६ चा चौदावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी तो टायर वेगात जीवघेणा आहे.

पुरात बुडालेल्या गाड्यांचं तर वेगळंच. मुंबईत २००५ ला आणि चेन्नईत २०१५ ला पाणी भरलं, तेव्हा भारी भारी गाड्या बुडाल्या. विमा कंपन्यांनी भंगारात काढलेली गाडी पॉलिश करून परत बाजारात येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला गाळाचा डाग असतो. सीटखालच्या पट्ट्यांना गंज, हेडलाइटमध्ये वाफ, एसी लावल्यावर कुबट वास, हे दिसलं तर माघारी फिरा.

आणि मग ती गेवराईत येते

सोलापूर-धुळे महामार्ग क्रमांक ५२ मस्त आहे. पाडळसिंगीच्या टोलपर्यंत गाडी मजेत जाईल. पण चौपदरी महामार्गावर कारला कमाल वेग १०० आणि समृद्धीवर १२०. तीनशेने पळणाऱ्या गाडीला हा दुसरा-तिसरा गिअर झाला.

महामार्ग सोडून उमापूर, चकलांबा, मादळमोहीकडे वळलात की खरी परीक्षा. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर आहे, सुपरकारचा साधारण १०० ते १३०. इंडियन रोड काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच पण ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे चढ-उतार हळुवार. आपल्या गावात मुरूम टाकून, डांबर ओतून रातोरात जो तयार होतो, त्याला कुठलं माप नसतं. नाक वर उचलायची सोय म्हणजे नोज लिफ्ट नसलेली गाडी इथं घेऊच नये, हे आमचं स्पष्ट मत.

पेट्रोलचाही प्रश्न आहे. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या गाड्यांचे रबरी पाइप, सील यासाठी बनलेले नाहीत, आणि इथेनॉल ओलावा ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीला ते जास्त बाधतं. म्हणजे गंमत बघा, ज्या उसाच्या पैशावर गाडी घ्यायची, त्याच उसाचं इथेनॉल तिला पचत नाही. एक्सपी १०० सारखं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मोठ्या शहरातल्या मोजक्या पंपांवर मिळतं, तेही दीडपट भावाच्या आसपास.

उन्हाळ्यात चाळीसच्या वर पारा, काळ्या मातीची धूळ आणि शेतातल्या घरी उंदीर. हसू नका, वायरिंग कुरतडलं की लाखांचा खेळ होतो. बिघडली तर? संभाजीनगरला शेंद्र्यात ऑडीच्या गाड्या जोडल्या जातात खऱ्या, पण ऑडीची आर ८ तिथं बनत नाही, ती पूर्ण तयार होऊन बाहेरून यायची. फेरारी-लॅम्बोर्गिनीसाठी मुंबईच गाठावी लागणार. शेकडो किलोमीटर, तेही फ्लॅटबेड ट्रकवर, कारण साध्या क्रेनने ओढली तर पुढचा बंपर जागेवर राहत नाही.

स्वस्त एकच गोष्ट आहे. १५०० सीसीच्या वरच्या खाजगी कारचा थर्ड पार्टी विमा जून २०२२ पासून वर्षाला ७,८९७ रुपये आहे. स्कॉर्पिओला तेवढाच, फेरारीला तेवढाच. पण तो समोरच्याच्या नुकसानीचा. स्वतःच्या गाडीचा विमा वेगळा, आणि झिरो डेप्रिसिएशन बहुतेक कंपन्या पाचेक वर्षांपुढच्या गाडीला देत नाहीत. पार्ट विदेशी, घसारा तुमच्या खिशातून.

"लग्नात भाड्याने देऊन हप्ता काढू"

हा हिशोब प्रत्येक गावात कुणीतरी मांडतोच. नवरदेवाला फेरारीत बसवायचं, एका लग्नाचे पन्नास हजार, सीझनला वीस लग्नं. कागदावर छान दिसतं. पण पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी परवान्याशिवाय भाड्याने देणं बेकायदा आहे. वरातीत अपघात झाला आणि गाडी भाड्याची निघाली, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग भरपाई घरातून, आणि जमीन गहाण ठेवून गाडी घेतली असेल तर जमिनीतून.

तरीही घ्यायचीच असेल तर क्रम असा ठेवा. आधी कागद, मग कंपनीच्या वर्कशॉपमध्ये किंवा ते मॉडेल उघडलेल्या मेकॅनिककडून तपासणी, मग बीड आरटीओतून कराचा आकडा, आणि शेवटी भाव. गाडीच्या किमतीइतकीच नाही, पण तिच्या पाव हिश्श्याएवढी रक्कम पहिल्या दोन वर्षांच्या कामासाठी बाजूला काढून ठेवा. ती काढल्यावर घरखर्च, पेरणी, पोरांची फी यात ओढाताण होत असेल, तर गाडी अजून परवडलेली नाही. पुण्या-मुंबईत चालकासह भाड्याने मिळते, परवाना असलेली. दिवसभर फिरवून आणा, रील काढा, संध्याकाळी परत द्या.