वजनकाट्याने घडवलेली होडी

अमेरिकेतल्या बास मासेमारीच्या मोठ्या स्पर्धांमध्ये एक नियम आहे. ठरलेल्या वेळेला धक्क्यावर परत आला नाहीत तर दर मिनिटाला एक पौंड वजन कापलं जातं. पंधरा मिनिटांहून जास्त उशीर झाला, की त्या दिवसाची सगळी कमाई शून्य. काट्यावर ठेवलेला मासा मेलेला निघाला तर आणखी चार औंस जातात. सहसा दिवसाकाठी पाचच मासे मोजतात. पकडलेल्यांतले सगळ्यांत वजनदार पाच ठेवायचे आणि जिवंत आणायचे.

एवढं कळलं की बास बोट या विचित्र वस्तूचं निम्मं कोडं सुटतं. वीसेक फूट लांबी, पाण्याला चिकटलेला बुटका बांधा, अंगभर चमकी. मागे दोनशे-अडीचशे हॉर्सपॉवरचं इंजिन, नाळेवर पायाने चालवायची दुसरी विजेची मोटर आणि पोटात हवा खेळवलेली पाण्याची टाकी. डॅलस-ह्यूस्टनकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना शनिवारी पहाटे ट्रेलरवर बसून निघालेल्या या बोटी हायवेवर दिसतात. दोन-चार पौंडांच्या माशासाठी एवढा थाट कशाला, असं कोणालाही वाटेल. पण ही होडी माशाच्या मापाने बेतलेलीच नाही. ती स्पर्धेच्या नियमपुस्तकाप्रमाणे बेतली आहे, आणि नियम बदलत गेले तशी तीही बदलत गेली.

आधी माशाविषयी दोन शब्द. आपल्याकडच्या हॉटेलांत सी बास म्हणून जो मिळतो तो जिताडा, गोव्यातला चोणक. त्याचा नि या लार्जमाउथ बासचा काही संबंध नाही. हा उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला, बुडालेल्या खोडांच्या आडोशाला दबा धरून बसणारा शिकारी. गळाला लागला की पाण्याबाहेर उसळी मारून डोकं झटकतो आणि गळ थुंकून देतो. त्याच्या चाहत्यांना वेड लागलंय ते या झटक्याचं. जुन्या काळी त्याच्यासाठी सपाट बुडाची लाकडी जॉनबोट आणि एक वल्हं पुरत असे. आर्कान्सामधल्या व्हाइट नदीवरचे वाटाडे अशा होड्यांतून गिऱ्हाइकांना प्रवाहाबरोबर दिवसदिवस वाहत नेत.

मग धरणं आली. १९३३ साली टेनेसी खोऱ्याची योजना सुरू झाली, पुढे लष्कराच्या इंजिनियर कोअरने दक्षिणेतल्या नद्या एकामागून एक अडवल्या. व्हाइट नदीवरच्या बुल शोल्स धरणाचं उद्घाटन करायला १९५२ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रुमन आले होते. नद्यांचे तलाव झाले आणि अनेक ठिकाणी जंगलं उभीच्या उभी पाण्याखाली गेली. बासला याहून मोठं सुख नव्हतं. होडीवाल्याची मात्र पंचाईत झाली. मैलोगणती उघडं पाणी, त्यावरून सुटणारा वारा, आणि बुडाखाली कुठे खोड आडवं येईल याचा नेम नाही.

या पंचाइतीवरचा पहिला तोडगा निघाला लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला. होम्स थर्मंड नावाच्या माणसाने १९४८ साली प्लायवूडची एक होडी बांधली. नाळ निमुळती, बूड रुंद आणि सपाट, कठडे अगदी ठेंगणे. वाऱ्याला धरायला जागाच ठेवायची नाही, आणि माणूस उभा राहिला तरी होडी कलंडू द्यायची नाही, असा हिशेब. त्याने तिला स्कीटर नाव दिलं. बास बोटींची वंशावळ मांडणारे मूळपुरुष म्हणून तिच्याकडेच बोट दाखवतात. तिच्या घराण्यातल्या होड्यांत चाक नसे, डाव्या हाताशी एक दांडा असे. तो पुढे-मागे ढकलून वळायचं. चालवणारा नाळेजवळ बसे, म्हणजे पुढची खोडं दिसत. युक्ती नामी होती, पण इंजिनं मोठी होत गेल्यावर तीच अंगाशी यायला लागली. वेगात असताना धक्का बसून हात हलला, की होडी गर्रकन फिरून माणसाला बाहेर फेके. दांडा गेला आणि चाक आलं ते यामुळे.

विजेची मोटर याहून जुनी. नॉर्थ डकोटातल्या फार्गोच्या ओ. जी. श्मिट याने १९३४ साली फोर्ड मॉडेल ए गाडीच्या स्टार्टरपासून ती बनवली. मिनेसोटा आणि डकोटाच्या सीमेवरची म्हणून कंपनीचं नाव मिन कोटा. मासा बिचकू नये इतक्या हळू आणि गुपचूप सरकायला ती हवी. १९५९ च्या सुमाराला कार्ल लॉरन्स आणि त्याच्या मुलांनी सोनारचं छोटं हिरवं खोकं बाजारात आणलं आणि युद्धनौकांकडचं पाण्याखालचं ज्ञान हौशी माणसाच्या मांडीवर येऊन बसलं. तोवर हे सगळे सुटे सुटे भाग होते. ज्याला जे परवडेल ते त्याने आपल्या होडीला जोडावं, असा प्रकार.

त्यांची मोट बांधली ती मात्र विमा विकणाऱ्या एका माणसाने. रे स्कॉट अलाबामातल्या माँटगोमेरीचा. १९६७ च्या मार्चमध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सनला मासेमारीला गेला असता पावसाने त्याला मोटेलच्या खोलीत अडकवलं. टीव्हीवर बास्केटबॉलचा सामना चालू होता. या खेळाची अशी स्पर्धा असते, तर बास मासेमारीची का असू नये, हा विचार त्याला तिथे सुचला. तोवर मासेमारीच्या स्पर्धा नव्हत्या असं नाही. पण त्यांत लबाडी इतकी चाले की सभ्य माणूस त्यांच्या वाटेला जात नसे. जूनमध्ये आर्कान्सातल्या बीव्हर तलावावर त्याने पहिली स्पर्धा भरवली. शंभर डॉलर प्रवेश फी, आणि १०६ माणसं आली. नॅशव्हिलचा स्टॅन स्लोन जिंकला. पुढच्याच वर्षी स्कॉटने बास अँगलर्स स्पोर्ट्समन सोसायटी काढली. थोरले जॉर्ज बुश तिचे सभासद होते, यावरून तिचा पसारा कळावा.

लबाडीवर स्कॉटने दोन उपाय केले. विजेत्याला खोटेपणा ओळखणाऱ्या यंत्रासमोर बसवायचं, हा एक. दुसरा जास्त मजेशीर: एका होडीत दोन प्रतिस्पर्धी बसवायचे, तेही चिठ्ठी टाकून. दोघांनीही एकमेकांवर नजर ठेवायची. बास बोटीचा आतला नकाशा कळायचा तर हे दृश्य डोळ्यांसमोर आणावं. नाळेवरच्या सपाट मंचावर जो उभा, त्याच्या पायाखाली विजेची मोटर. होडी कुठे जाईल हे तो ठरवणार आणि प्रत्येक खोडापाशी पहिला गळ त्याचाच पडणार. मागच्याच्या वाट्याला उष्टं पाणी. पुढच्याने मनात आणलं तर तो होडी अशी तिरकी धरू शकतो की मागच्याला काठच मिळू नये. यावरून वाद होणार हे उघडच होतं. अर्धा दिवस तू पुढे, अर्धा दिवस मी, असे करार होत. मागे दुसरा मंच आला, तोही पुढच्याइतकाच सपाट आणि मोकळा. पुढे मोठ्या स्पर्धांनी प्रतिस्पर्ध्यांची जोडीच मोडली. आता तिथे दुसरा माणूस असलाच तर तो पंच किंवा छायाचित्रकार असतो.

ही सगळी मागणी पुरवली व्हाइट नदीवरच्या एका वाटाड्याने. फॉरेस्ट वूड आणि त्याची बायको नीना यांनी आर्कान्सातल्या फ्लिपिन या चिमुकल्या गावात १९६८ साली रेंजर बोट्स सुरू केली. पहिल्या वर्षी सहा होड्या निघाल्या. होड्या फायबरग्लासच्या, आणि त्यांची घडण बघण्यासारखी असते. होडी बाहेरून आत घडते. आधी मोठा पोकळ साचा मेण लावून गुळगुळीत करतात. मग त्यात सगळ्यांत आधी काय जातं, तर रंग! धातूची चमकी मिसळलेला जेलकोट साच्याच्या आतल्या अंगाला फवारतात. तो जरा आळला की त्यावर काचतंतू आणि रेझिनचे थर चढवतात, हवेचे बुडबुडे राहू नयेत म्हणून रुळाने दाबतात, मधे लाकडाच्या किंवा फोमच्या फासळ्या बसवतात. सगळं वाळून साचा सुटला की झगझगती होडी बाहेर येते. चमकी काही वरून लावलेला मेकअप नव्हे, ती होडीची पहिली त्वचा. १९७१ च्या मे महिन्यात रेंजरचा कारखाना जळाला. वूड पेटत्या इमारतीत शिरून ऑर्डरींची ब्रीफकेस घेऊन बाहेर आला आणि दोन महिन्यांच्या आत कारखाना पुन्हा चालू झाला. स्पर्धेमुळे कसला बाजार तयार झाला होता, याचा अंदाज त्या ब्रीफकेसवरून यावा.

त्याच वर्षी स्कॉटने क्लासिक नावाची स्पर्धा भरवली. २४ निवडक मासेमारांना विमानात बसवलं आणि कुठे चाललोय हे वर गेल्यावर सांगितलं: नेवाडातला लेक मीड. सगळ्यांना सारख्याच होड्या, कोणाच्या होडीला झुकतं माप नको म्हणून. बॉबी मरी जिंकला आणि दहा हजार डॉलर घेऊन घरी गेला.

यशाबरोबर एक अडचण आली. दोनशे माणसं दिवसभर मासे धरणार, संध्याकाळी मेलेल्या माशांच्या माळा लटकवून फोटो काढणार; स्थानिक लोक चिडू लागले. धंद्याला ओहोटी लागायच्या आत स्कॉटने १९७२ मध्ये नवी घोषणा दिली: पकडा, पण मारू नका. मासे जिवंत आणणाऱ्याला गुणांचा फायदा, वजन झालं की पाण्यात परत. आणि होडीत हवा खेळवणारी टाकी हवीच.

या लाइव्हवेलविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण स्पर्धकाचं नशीब बऱ्याचदा इथेच फिरतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि गळाशी झुंजून दमलेल्या माशाला तो जास्त लागतो. ऑगस्टच्या दुपारी पाच दांडगे बास एका टाकीत म्हणजे गुदमरण्याची हमीच. म्हणून पंप सतत तलावाचं पाणी आत घेऊन फवाऱ्याने सोडतो. पण वरचं पाणीही तापलेलं असलं तर आत घेणं बंद करून तेच पाणी फिरवायचं, आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टाकून ते थोडं थंड ठेवायचं. खोलातून काढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि तो पोट वर करून तरंगतो. जाणते लोक सुईने ती हवा हळूच सोडतात. कोट्यवधी वर्षांचा शिकारी आणि त्याच्यावर असे नर्सिंग होमचे उपचार! माशाचा पुळका येऊन हे चालत नाही. चार औंस जाऊ नयेत, हे खरं कारण. पण त्यातून मासे वाचले, आणि सोडून देण्याची सवय स्पर्धेबाहेरच्या हौशी माणसांनाही लागली. भूतदयेच्या प्रवचनांनी इतकं झालं असतं असं मला वाटत नाही.

वेगाचीही हीच कहाणी. जो आधी जाईल त्याला चांगली जागा, जो शेवटपर्यंत थांबून वेळेत परतेल त्याला एक गळ जास्त. साहजिकच इंजिनं फुगत गेली. स्कॉटच्या संस्थेने बराच काळ १५० हॉर्सपॉवरची मर्यादा ठेवली होती, ती पुढे २५० वर गेली. ताशी ७० मैलांनी धावणाऱ्या होडीतून माणूस पडला तर मोकाट होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. म्हणून स्कॉटने लाइफ जॅकेट आणि किल स्विच सक्तीचे केले: अंगाला दोरी बांधायची, माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद. अमेरिकेच्या कायद्यात ही दोरी यायला १ एप्रिल २०२१ उजाडला.

आज नवी होडी एक लाख डॉलरच्या घरात जाऊ शकते. घेणाऱ्याने चमकीवर जाऊ नये. आपण ज्या पाण्यावर उतरतो तिथे लाटा किती, हे आधी पाहावं. उथळ, खोडांच्या पाण्यासाठी हलक्या ॲल्युमिनियमच्या होडीनेही भागतं. मोठ्या उघड्या तलावावर तीच हाडं खिळखिळी करते. मग लाइव्हवेलचा पंप बंद-चालू करून बघावा, बॅटऱ्यांपर्यंत हात पोचतो का बघावं, आणि पुढच्या मंचावर उभं राहून दिवसभर पाय तिथे टिकतील का याचा विचार करावा. इंजिनाचा आकडा सगळ्यांत शेवटी.

इकडे नियमपुस्तकाची पानं पुन्हा उलटतायत. मेजर लीग फिशिंगने मासा होडीतच तोलून तिथल्या तिथे सोडायची पद्धत आणली. होडीत पंच बसतो आणि गुणफलक चालू राहतो. अशा स्पर्धेत लाइव्हवेलला दिवसभर कामच नाही. दुसरीकडे मासा पडद्यावर चालता-बोलता दाखवणारं पुढच्या दिशेचं सोनार आलं आणि मंचावरचा माणूस पाण्याऐवजी पडद्याकडे बघत उभा राहू लागला. २०२५ साली मेजर लीग फिशिंगने दिवसाच्या तीनपैकी एकाच सत्रात ते वापरायची परवानगी ठेवली. होड्या बांधणारे मात्र टाकी काढायला तयार नाहीत. त्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे शनिवार-रविवारी गावच्या क्लबात खेळणारा माणूस, आणि क्लबांचे वजनकाटे अजून धक्क्यावरच आहेत.