ताडकळसहून जिंतूरला, सावली गाठायला

गुरुवारी पहाटेच ताडकळसहून गाडी जुंपा. साल १८९८, जानेवारी महिना, मुलूख निजामाचा. जवळच्या पूर्णेला अजून रेल्वे आलेली नाही, तेव्हा बैलांशिवाय इलाज नाही. परवा, २२ तारखेला, शनिवारची पौष अमावास्या आणि खग्रास सूर्यग्रहण. गावातच बसलात तर अंधाराच्या पट्ट्याच्या दक्षिण काठाला राहाल. इतक्या जवळ येऊन काठावर कशाला? जिंतूर गाठा.

दोन दिवसांची वाट आहे. दुतर्फा ज्वारी हुरड्यात आलेली. सावल्या बघत चला. हातातली पराणी जमिनीत रोवा: बुडाशी सावली रेखीव, शेंड्याकडे पुसट. सूर्य टिंब नाही, ताटली आहे, म्हणून असं होतं. जिथून अख्खी ताटली झाकलेली दिसते ती प्रच्छाया. जिथून तिचा तुकडा डोकावतो ती उपच्छाया.

आता वर घार फिरतेय, तिची सावली शोधा बरं. सापडायची नाही. उन्हात कुठल्याही वस्तूची प्रच्छाया तिच्या रुंदीच्या साधारण १०८ पट लांब जाते आणि निमुळती होत संपते. वीतभर वस्तूची पंचवीसेक मीटर, बस्स. चंद्राची रुंदी ३,४७४ किलोमीटर. १०८ने गुणलं की पावणेचार लाख. आणि चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर! म्हणजे टोक बऱ्याचदा जमिनीला पोचतच नाही. टोकापलीकडून पाहिलं तर चंद्राभोवती सूर्याची कड उरते, ते कंकणाकृती ग्रहण. या शनिवारी चंद्र पुरेसा जवळ आहे. टोक टेकणार, पण ठिपका शंभर किलोमीटरही रुंद नाही. जपमाळेचे मणीही १०८. त्यात काही शोधू नका, योगायोग आहे.

शनिवारी सकाळी वेध लागलेत, पोट रिकामं. जिथे उतरलात तिथल्या आजी घागरीत तुळशीपान टाकतात. तुम्ही निघता तेव्हा म्हणतात, "लेकरा, वर बघू नको." हसू नका. या एका बाबतीत त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे.

जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या टेकडीवर कडुनिंबाखाली बसा. पानांच्या फटींतून एरवी गोल कवडसे पडतात. आज मातीवर शेकडो कोरी हलताहेत. हात पसरा. सूर्याची कोर बारीक होत गेली तशी बोटांची सावली एका बाजूने इतकी धारदार झालीय की मनगटावरचा केस न् केस मोजता यावा. ऊन आहे, पण पिवळेपण गेलंय. खालून गावातून हाक येते, "दे दान, सुटे गिऱ्हाण!"

एकच्या सुमारास नैऋत्येकडे बघा. क्षितिज काळवंडतं, पावसाच्या भिंतीसारखं. फक्त आवाज नाही. मग भिंत अंगावरून जाते. तुम्ही प्रच्छायेत आहात. सूर्याच्या जागी काळं भोक, भोवती पांढरा प्रभामंडल, जवळच शुक्र. चहूकडे क्षितिजावर मात्र तांबूस उजेड, कारण तिथे अजून उपच्छायाच आहे. दोन मिनिटंही नाहीत, हिरकणी चमकते आणि संपतं.

हीच सावली काही मिनिटांपूर्वी करमाळ्याजवळच्या जेऊरवरून आली. तिथे पुण्याचे प्रा. कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल दुर्बिणी लावून बसलेत. पुढे ती पुलगावजवळच्या तळणीला पोचेल. तिथे खगोलशास्त्रज्ञ ॲनी मॉण्डर यांच्या छोट्या कॅमेऱ्यात प्रभामंडलाचा एक किरण लाखो मैल लांब उमटेल. त्या कॅमेऱ्याहून मोठी उपकरणं त्या दिवशी मांडलेली होती, हे मला सांगायला आवडतं.

परतताना पृथ्वीलाही १०८ लावून बघा: पावणेचौदा लाख किलोमीटर. म्हणून चंद्र तिच्या प्रच्छायेत अख्खा बुडतो आणि ज्या ज्या गावात रात्र आहे तिथून दिसतो. त्यासाठी गाडी जुंपावी लागत नाही. नुसत्या उपच्छायेतून गेला तर ते छायाकल्प ग्रहण, त्याचे वेध कुणी पाळत नाही.

आता आपल्या काळात या. २ ऑगस्ट २०२७ला प्रच्छाया इजिप्तच्या लक्सरवरून जाईल. ताडकळसला दुपारनंतर खंडग्रास, म्हणजे उपच्छायाच. आभाळ उघडं असेल तर ग्रहणचष्मा लावा, नाहीतर सरळ कडुनिंबाखाली बसा.