संजीवनी बेट आणि आमचे खुरपे

चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथ येथील नागनाथाचे देऊळ आपणां सर्व भगिनींस ठाऊक आहे. गावापासून तीन किलोमीटरवर ६०० ते ६५० फूट उंचीचा एक डोंगर आहे. त्याला वनस्पती बेट किंवा संजीवनी बेट म्हणतात. भोवती पाणी नाही, तरी नाव मात्र बेट! मारुतिराय द्रोणागिरी घेऊन जात असता त्याचा एक तुकडा येथे पडला, असे जुनी माणसे सांगतात. उत्तरा नक्षत्रात दुखणाईत माणसे येथे श्रद्धेने येतात. आयुर्वेद शिकणारी मुलेही झाडपाला ओळखण्यास येतात.

हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाकडे होता. १९५६ साली बीदर जिल्ह्यातून तो उस्मानाबादेत आला आणि १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला. उस्मानाबाद जिल्ह्यातील वनस्पतींवर व्ही. एन. नाईक यांनी १९७९ साली ग्रंथ लिहिला, पुढे १९९८ साली साऱ्या मराठवाड्याच्या वनस्पतींचे दोन खंड काढले. ते इंग्रजीत आहेत. आम्हां सातवी झालेल्या बायकांचा ग्रंथ म्हणजे सासूबाई. मुरडशेंग पोटाच्या मुरड्यावर उगाळून द्यावी, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

आमच्या मंडळाची पहिली सहल २०१६ च्या सप्टेंबरात गेली. त्याच वर्षी एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. त्यामुळे पावसानंतरचा तो हिरवा डोंगर पाहून आम्ही हरखून गेलो. कळलावीची लाल-पिवळी फुले झुडपांवर चढली होती. तिचा कंद विषारी, म्हणून तिला कोणी हात लावला नाही. शतावरीला मात्र आम्ही सोडले नाही. मीच खुरपे घेऊन पुढे झाले व मुळ्यांचा झुबका उपटला. शेळ्या राखणारी एक आजी पाहत होती. म्हणाली, "बाई, मुळीच नेली तर पुढल्या साली काय बघायला येता?" आम्ही हसलो.

ती शतावरी डब्यात पंधरा दिवसांत वाळली. गुळवेलीचा बोटभर तुकडा मात्र कुंपणाशी खोचला होता, तो पसरला. करोनाच्या काळात गल्लीतल्या किती घरांनी त्याची कांडी नेली, पण वेल काही संपला नाही.

२०२२ साली पुन्हा गेलो, तेव्हा मी उपटलेल्या जागी दगडच होते. मला फार ओशाळल्यासारखे झाले. त्याच हिवाळ्यात एका मैत्रिणीच्या परसातील शतावरीची लाल फळे आणून बी पेरले. फार उशिरा उगवते ते. दोनदा तर डबा फेकून देणार होते. सात रोपे झाली. पुढच्या पावसाळ्यात गावातील जाणत्या मंडळींना विचारून ती त्याच जागी लावली. दोन जगली आहेत. यंदा भाद्रपदात आणखी रोपे घेऊन जायचे ठरले आहे. खुरपी ज्यांच्याकडे असतील त्यांनी बरोबर घ्यावीत, खड्डे खणायला लागतील.