दूधभाताच्या शपथा

वाचकहो, कऱ्हाडाहून आगाशिवाच्या डोंगराकडे निघालात म्हणजे पायथ्याशी जखिणवाडी लागते. शाळेची मुलं घेऊन मास्तर मंडळी तिथली लेणी पाहायला जातात. १७३१ साली याच जखिणवाडीला छत्रपती शाहू आणि त्यांचे चुलतभाऊ, कोल्हापूरचे संभाजी, एकमेकांना भेटले नि चोवीस वर्षांची भाऊबंदकी निवळली. त्या भाऊबंदकीत जे राज्य खचलं, ते ताराराणींचं. त्याची हकिगत सांगतो.

१७०० साली राजाराम महाराज वारले. मुलगा शिवाजी लहान. त्याच्या नावानं ताराराणी सात वर्षं औरंगजेबाशी झुंजल्या. बादशहानं गड घ्यावा, त्याची पाठ फिरली की मराठ्यांनी तो परत घ्यावा. पैसा कुठला? सरदारानं आपली फौज आपणच उभारायची, मोगली मुलखात चौथाई वसूल करायची नि त्यावर ती पोसायची. लढाईला ही रीत उत्तम. पण असा आपल्या पायावर उभा असलेला सरदार उद्या उठून दुसरीकडे गेला, तर त्याला अडवायचं कशानं?

१७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि मोगलांनी शाहूंना सोडलं. दया म्हणून नव्हे. घरात दोन धनी झाले की मराठे आपसांत गुंततील, हा हिशेब. ताराराणी म्हणाल्या, हा तोतया आहे. सरदारांकडून त्यांनी दूधभातावर शपथा घेतल्या, असं सांगतात. आता शपथा घ्याव्या लागतात तेव्हा विश्वास किती उरलेला असतो, ते तुम्हीच ठरवा. भीमेकाठी खेडला फौजा समोरासमोर आल्या नि सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले. परशुरामपंत प्रतिनिधी मात्र साताऱ्याचा किल्ला धरून बसले. तिथं किल्लेदार शेख मिरा फिरला. त्याची बायकामुलं वाईला शाहूंच्या हाती लागली होती, असं म्हणतात. त्याला नावं ठेवणं सोपं नाही. पंत कैद झाले. १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला.

ताराराणी पन्हाळ्याकडे सरकल्या. १७११ मध्ये धनाजींचा मुलगा चंद्रसेन त्यांच्याकडे आला खरा, पण पुढे तोही निजामाकडे गेला. कान्होजी आंग्र्यांना बाळाजी विश्वनाथांनी शाहूंकडे वळवलं. आणि १७१४ मध्ये घाव बसला तो घरातूनच. सवत राजसबाईंनी आपल्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवलं. ताराराणी नि शिवाजी कैदेत पडले. जखिणवाडीला शाहूंना भेटले ते हेच संभाजी. त्या भेटीमागून एप्रिलात वारणेचा तह झाला आणि सातारा व कोल्हापूर ही दोन राज्यं कायमची वेगळी झाली.

त्याआधीच्या लढाईत ताराराणी शाहूंच्या फौजेला सापडल्या होत्या. शाहू त्यांना पन्हाळ्यास परत धाडायला तयार होते. पण कैदच नशिबी, तर पन्हाळा काय नि सातारा काय! त्या साताऱ्यालाच राहिल्या, १७६१ मध्ये तिथंच वारल्या. त्यांची समाधी संगम माहुलीला आहे.