वस्तऱ्याची धार आणि तिची निगा : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

हत्यारांच्या इतिहासात पात्याची दखल घेतली जाते, धारेची सहसा घेतली जात नाही. पाते ही वस्तू असून ती संग्रहालयात जतन करता येते. धार ही त्या वस्तूची अवस्था होय. ती वापराबरोबर झिजते आणि पुनःपुन्हा आणावी लागते. वस्तऱ्याचा इतिहास म्हणूनच बहुतांशी त्याच्या निगेचा, आणि ती निगा कोणाकडे होती याचा, इतिहास ठरतो.

या निगेचे उल्लेख प्राचीन आहेत. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातील चौथ्या सूक्तात, क्षुराप्रमाणे आम्हांस तीक्ष्ण कर, अशा आशयाची प्रार्थना येते. तेथील ‘भुरिज्’ या शब्दाच्या अर्थाविषयी मतभेद असले, तरी धार लावण्याची क्रिया उपमेसाठी घेण्याइतकी परिचित होती, हे उघड आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गाचा पुरावा अधिक नेमका आहे. भिक्षूने केस दोन महिन्यांहून किंवा दोन अंगुळांहून अधिक वाढवू नयेत, असा तेथे नियम आहे. त्याच ग्रंथात खुर म्हणजे वस्तरा, खुरसिला म्हणजे निसण्याचा दगड, खुरसिपाटिका आणि नमतक म्हणजे नमद्याचा तुकडा, अशा सर्व साहित्यास अनुज्ञा दिलेली आहे. खुरसिपाटिकेचा अर्थ काही अभ्यासक म्यान असा, तर काही गंज टाळणारे चूर्ण असा करतात. कोणताही अर्थ स्वीकारला, तरी रोख धारेच्या रक्षणाकडेच आहे.

भंडारा जिल्ह्यात हा पुरावा विशेष अर्थपूर्ण ठरतो. वैनगंगाकाठच्या पवनी येथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात इसवी सनापूर्वीचा बौद्ध स्तूप उजेडात आला. भिक्षूच्या आठ परिष्कारांत वस्तऱ्याची गणना होते. तेव्हा जेथे भिक्षुसंघ, तेथे वस्तरा आणि त्यासोबत दगड असणे क्रमप्राप्त होते. संघात ही निगा व्रताचा भाग होती. गावगाड्यात ती एका जातीचा व्यवसाय झाली.

विदर्भात न्हाव्यास म्हाली म्हणतात. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथातही या नावाची नोंद आहे. म्हाल्याच्या धोकटीत वस्तऱ्याइतकेच महत्त्व निसण्याला व चामड्याच्या पट्ट्याला असे. ओल्या दगडावर पाते आडवे टेकवून पाठ व धार दोन्ही एकाच वेळी घासली जातात. त्यामुळे धारेचा कोन हाताच्या अंदाजाने नव्हे, तर पाठीच्या जाडीने ठरतो, आणि दोन्ही बरोबरीने झिजल्याने तो कायम राहतो. दगडावर धार पुढे ठेवून हात चालवावयाचा, चामड्यावर मात्र पाठ पुढे ठेवून. एरवी चामडे कापले जाते व धारही बोथट होते. दगड पोलाद झिजवतो, चामडे वळलेली सूक्ष्म कड सरळ करते. म्हणून चामडे रोजचे, तर दगड प्रसंगाचा. भंडाऱ्यासारख्या भरपूर पावसाच्या, धानाच्या मुलखात धारेचा आणखी एक शत्रू म्हणजे गंज. पाते पुसून कोरडे न ठेवल्यास न वापरताही धार जाते. बलुत्याच्या धान्यात दाढी-हजामतीबरोबर या अदृश्य श्रमाचाही मोबदला सामावलेला होता.

जिलेट यांना १९०४ साली अमेरिकेत ज्या पात्याचे पेटंट मिळाले, त्याचे मर्म पात्याच्या तीक्ष्णतेपेक्षा निगेपासून मिळालेल्या मुक्ततेत होते. पुढे रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीमुळे न्हाव्यांच्या दुकानांतही अर्ध्या पात्याचा वस्तरा रूढ झाला. त्याचा आकार जुनाच राहिला, पण धार प्रत्येक गिऱ्हाइकामागे टाकून देण्याची वस्तू बनली. आरोग्याच्या दृष्टीने हा बदल इष्टच होता. तथापि त्याबरोबर पाजवणे, निसणे या क्रियापदांमागील हस्तज्ञान या व्यवसायातून ओसरले. संघाच्या निगेला निदान विनयाचे नियम लिहून ठेवणारे मिळाले. म्हाल्याचे ज्ञान बापाकडून मुलाकडे केवळ हातांनी गेले, आणि ज्यांची दाढी त्याने केली त्या लेखणीधारकांना ते नोंदवावेसे वाटले नाही. जुन्या कारागिरांच्या तोंडून ते टिपून घेणे हे या जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाचे अपुरे राहिलेले काम होय.